प्रकल्प नोंदी: मुठीत मावणारा पॉवर सप्लाय

२ जून

काय हवंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच हाव सुटली तर इथे परत येता येईल. ३.३, ५, ९ आणि १२ व्होल्ट, प्रत्येकावर १ अँपिअरपर्यंत. ब्रेडबोर्डच्या शेजारी बसेल एवढा आकार. शॉर्ट झाला तर स्वतः बंद पडावा, समोरच्या बोर्डाला सोबत घेऊन जाऊ नये. बस्स.

० ते ३० व्होल्टचा, दोन डिस्प्लेवाला सप्लाय करायचा नाहीये. मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, ऑप-अँप, रिले, छोटी मोटर यांना या चार व्होल्टेजांपलीकडे फारसं काही लागत नाही. सप्लाय किती व्होल्ट देतो यापेक्षा बिघडला की काय देतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर.

मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आत घालायचा नाही हेही नक्की. वजन तर आहेच, पण घरी बनवलेल्या छोट्या डबीत मेन्स आणायची म्हणजे फ्यूज, अर्थिंग, तारांमधली सुरक्षित अंतरं, सगळं काटेकोर सांभाळावं लागतं. लॅपटॉपचा यूएसबी-सी चार्जर ते काम आधीच करून बसलेला आहे.

४ जून

यूएसबी-सी चार्जर नुसता जोडला म्हणून २० व्होल्ट देत नाही. सीसी पिनवर (समोर काय जोडलंय हे चार्जर जिच्यावरून ओळखतो ती पिन) ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसला की तो ५ व्होल्ट सोडतो. त्यापुढचं हवं असेल तर पॉवर डिलिव्हरीच्या (पीडी) भाषेत मागावं लागतं. ती मागणी करायला सीएच२२४के ही चिप वापरतोय, कारण तिला प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. सीएफजी१ पिन मोकळी ठेवली की ती २० व्होल्ट मागते.

१२ व्होल्ट मागून एक टप्पा वाचवावा असं कोणालाही सुचेल. पण पीडीच्या नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० अशा आहेत. १२ व्होल्ट देणं चार्जरवर बंधनकारक नाही. एखादा देतो, दुसरा देत नाही. असल्या लहरीवर सप्लाय उभा करण्यात अर्थ नाही. १५ व्होल्ट २७ वॅटच्या वरच्या चार्जरमध्ये मिळतात आणि २० व्होल्ट ४५ वॅटच्या वरच्या. १५ घेतले तर शेवटी १२ व्होल्ट काढायला जागाच उरत नाही (हिशेब पुढे येईल), म्हणून २०.

आणखी एक नियम पाळायचा आहे: जोडल्या क्षणी चार्जरला समोर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटन्स दिसता कामा नये. म्हणजे तोंडाशीच मोठा इलेक्ट्रोलिटिक ठोकून द्यायचा नाही. मोठे कपॅसिटर बकच्या (स्विचिंगने व्होल्टेज खाली आणणारा कन्व्हर्टर) पलीकडे, आणि बक २० व्होल्ट आल्यावरच सुरू.

७ जून

शेवटच्या टप्प्याला एलएम३१७ हा लिनिअर व्होल्टेज रेग्युलेटर घेणार. जुना आहे, पण शांत आहे. शॉर्ट आणि अतितापापासून स्वतःला वाचवतो, आणि त्याची प्रत्येक खोड डेटाशीटमध्ये लिहिलेली आहे.

अडचण उष्णतेची. लिनिअर रेग्युलेटर जास्तीचा व्होल्टेज जाळून टाकतो. २० व्होल्ट आत, ३.३ बाहेर, करंट १ अँपिअर: (२० − ३.३) × १ = १६.७ वॅट. हीटसिंकशिवाय टीओ-२२० पॅकेज दर वॅटला साधारण ५० अंशांनी तापतं. मुठीएवढ्या डबीत १६.७ वॅटची गोष्टच नको. मधे बक कन्व्हर्टर घालून व्होल्टेज १५ वर आणला तरी १२ व्होल्टला ठीक, ३.३ ला पुन्हा जवळजवळ १२ वॅटची धग.

उपाय असा की बकचा व्होल्टेज स्थिर ठेवायचाच नाही. एलएम३१७ जे देतोय त्याच्या थोडासाच वर तो सतत राहिला पाहिजे. बाहेर ३.३ तर बक ६.४ वर, बाहेर १२ तर बक १५.१ वर. म्हणजे एलएम३१७ वर कायम सुमारे ३.१ व्होल्टच पडतात आणि १ अँपिअरला उष्णता ३.१ वॅट, व्होल्टेज कुठलाही असो. एलएम३१७ ला त्या करंटला साधारण २ व्होल्टची जागा लागते. उरलेला एक व्होल्ट फिल्टरच्या कॉइलला, करंट मोजणाऱ्या रेझिस्टरला आणि रिपलच्या (बकच्या आउटपुटवरची बारीक चढउतार) दरीला.

१५ व्होल्ट का पुरत नाहीत ते इथेच दिसतं. बकला स्वतःला सव्वा-दीड व्होल्टची जागा हवी, आणि १२ साठी त्यालाच १५.१ द्यायचे आहेत.

८ जून

एलएम३१७ चं सूत्र: बाहेरचा व्होल्टेज = १.२५ × (१ + आर२ ÷ आर१). आर१ आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनमध्ये, आर२ अ‍ॅडजस्ट पिन आणि ग्राउंडमध्ये. यात अ‍ॅडजस्ट पिनमधून येणाऱ्या सुमारे ५० मायक्रोअँपिअरची किंचित भर पडते. बऱ्याच सर्किटांत आर१ च्या जागी २४० ओहम दिसतो. पण एलएम३१७ ला नियमनात राहायला किमान करंट लागतो, आणि डेटाशीट तो वाईटात वाईट नगासाठी १० मिलिअँपिअर सांगतं. २४० ओहममधून ५ च जातात. मग लोड नसताना व्होल्टेज वर तरंगू शकतो.

११० ओहम घेतला तर ११.४ मिलिअँपिअर जातात, प्रश्न मिटला. आणि गंमत पाहा: ३.३ व्होल्टला आर२ येतो १८० ओहम, ५ ला बरोब्बर ३३०, ९ ला ६८०, १२ ला ८२० आणि १२० एकापुढे एक. एकही विचित्र किंमत नाही. असं क्वचित जुळतं.

(जुळलं म्हणून ठेवता येईल असं नाही. २१ तारखेची नोंद पाहा.)

१२ जून

बकसाठी एलएम२५९६ चिपचं तयार मॉड्यूल आलं. ही चिप १५० किलोहर्ट्झवर चालायला हवी. ऑसिलोस्कोप लावला तर स्विचिंग ५२ किलोहर्ट्झच्या आसपास. ५२ हा एलएम२५७६ चा, म्हणजे आधीच्या पिढीच्या चिपचा वेग. नाव एकाचं, वागणं दुसऱ्याचं. स्वस्त मॉड्यूलांमध्ये हे इतकं सर्रास आहे की आता आश्चर्यही वाटत नाही.

चालत नाही असं नाही, पण कॉइल १५० च्या हिशेबाने निवडलेली असते. कमी वेगाला तिच्यातल्या करंटची चढउतार जवळजवळ तिप्पट होते आणि रिपल वाढतो. मॉड्यूल ठेवलं, १ अँपिअरला पुरेसं आहे. पण फिल्टरचा हिशेब ५२ धरूनच करायचा. कोणी हे बनवणार असेल तर मॉड्यूलवरचं नाव वाचत बसू नये, दोन नंबरच्या पिनवर ऑसिलोस्कोप लावावा.

पाच नंबरची पिन, चालू-बंदची, मॉड्यूलवर थेट ग्राउंडला जोडलेली असते. ती उचलून मोकळी केली. व्होल्टेज ठरवणारा ट्रिमपॉट आणि त्याच्या जोडीचा रेझिस्टर काढून टाकला.

१५ जून

पाठलागाचं सर्किट, म्हणजे बकला कायम आउटपुटच्या थोडं वर ठेवणारं. एकच पीएनपी ट्रान्झिस्टर, बीसी५५७. एमिटर १.२ किलोओहममधून बकच्या आउटपुटला. कलेक्टर बकच्या फीडबॅक पिनला (बक आपला व्होल्टेज जिथे तपासतो ती), आणि तिथून दुसरा १.२ किलोओहम ग्राउंडला. बेस सप्लायच्या आउटपुटला.

हे कसं चालतं: बक आपल्या फीडबॅक पिनवर १.२३ व्होल्ट राखायचा प्रयत्न करतो. म्हणजे खालच्या रेझिस्टरमधून १ मिलिअँपिअर जायला हवा. तो करंट ट्रान्झिस्टरमधून, म्हणजे वरच्या रेझिस्टरमधूनच येतो, तेव्हा तिथेही १.२३ व्होल्ट पडतात. एमिटर बेसपेक्षा ०.६५ वर. म्हणून बकचा व्होल्टेज = आउटपुट + ०.६५ + १.२३, म्हणजे सुमारे १.९ व्होल्ट वर. आउटपुट हलला की बक मागोमाग हलतो. मायक्रोकंट्रोलर नाही, ऑप-अँप नाही.

१.९ मात्र कमी पडतात. रेझिस्टरांचं प्रमाण दुप्पट केलं की ३.१ होतात. पण त्याआधी शॉर्टचं काय होतं ते कागदावर पाहू.

१६ जून

सगळी रात्र हेच डोक्यात होतं, आणि हाच या सप्लायचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

आउटपुट शॉर्ट झाला की बेस ० व्होल्टवर. एमिटर ०.६५ वर. कलेक्टरला १.२३ वर जायचंय, पण तो एमिटरच्या वर जाऊ शकत नाही. ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, फीडबॅक पिन ०.६ च्या आसपास अडकते. बकला वाटतं व्होल्टेज कमी आहे, आणि तो जोर लावून थेट वरच्या टोकाला जातो. म्हणजे बाहेर शॉर्ट, आत १८ व्होल्ट, आणि एलएम३१७ आपल्या मर्यादेवर, साधारण २.२ अँपिअर. जवळजवळ ४० वॅट. तो तापून स्वतःला बंद करेल, थंड झाला की पुन्हा सुरू होईल, पुन्हा बंद. ज्या क्षणी पाठलागाची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच क्षणी तो उलटा पळतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या या प्रकारच्या कित्येक आकृत्यांत यावर काहीच केलेलं नसतं.

उपाय दोन डायोडांचा. बेस आउटपुटला थेट न जोडता मधे दोन १एन४१४८ एकापुढे एक. आता शॉर्ट असतानाही बेस १.२ व्होल्टवर राहतो, एमिटर १.८५ वर, आणि कलेक्टर १.२३ ला सुखाने बसतो. डायोडांचे १.२ व्होल्ट फरकात मिळतात, त्यामुळे रेझिस्टर सारखेच ठेवूनही १.२ + ०.६५ + १.२३ = ३.१ व्होल्ट. हवे तेवढेच! एका दगडात दोन पक्षी.

एक पुरवणी: बेसचा करंट काही मायक्रोअँपिअरच असतो, आणि एवढ्याशा करंटवर डायोड ०.६ नाही, ०.४ च देतात. म्हणून बकचा आउटपुट आणि बेस यांच्यामध्ये २.२ किलोओहम टाकला. त्यावर कायम १.९ व्होल्ट असतात, त्यामुळे डायोडांतून जवळपास एक मिलिअँपिअर वाहत राहतो. गरम झाल्यावर तीन जंक्शनांचे मिळून दर अंशाला ६ मिलिव्होल्ट कमी होतात. ४० अंशांना पाव व्होल्ट. तेवढी ढील आहे.

प्रत्यक्ष शॉर्ट करून पाहिलं: बक ३ व्होल्टच्या किंचित वर थांबला. एलएम३१७ वर ७ वॅटच्या आतबाहेर. हे हीटसिंकला झेपतं, आणि ट्रिप सर्किट (करंट जास्त झाला की सप्लाय बंद करणारं) आलं की तेही क्षणभरच.

सुरुवातही आपोआप मऊ झाली. चालू करताना आउटपुट शून्य, म्हणून बक ३ वर. आउटपुट थोडा चढतो, बक त्याच्यापुढे, असं एकमेकांना ओढत वर जातात. वेगळं सॉफ्ट-स्टार्ट लावायला नको.

१८ जून

बकमधून बारीक शीळ येते. ऑसिलोस्कोपवर काही किलोहर्ट्झचं हेलकावणं. कारण समजण्यासारखं आहे: नेहमीच्या जोडणीत १२ व्होल्टला फीडबॅक दहा पटींनी कमी होऊन जातो. इथे बकच्या व्होल्टेजमधला प्रत्येक बदल पूर्णच्या पूर्ण फीडबॅकला पोचतो, म्हणजे लूपचा गेन खूप जास्त. आउटपुटचा कपॅसिटर २२० वरून ४७० मायक्रोफॅरड केला, कमी ईएसआरचा (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स). शीळ गेली.

२१ जून

व्होल्टेज निवडायला पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) नको, चार जागांचा रोटरी स्विच. पॉटला हात लागला की ३.३ चे ७ होतात आणि समोरचा सेन्सर निकामी.

पण स्विचचीही जात पाहावी लागते. साधे रोटरी स्विच आधी जुना संपर्क तोडतात, मग नवा जोडतात. त्या मधल्या क्षणी अ‍ॅडजस्ट पिन अधांतरी, आणि एलएम३१७ आउटपुट वर ढकलतो. आपल्याकडे तर बक त्याच्यामागे धावायला तयारच! दोघं मिळून १५-१६ व्होल्टपर्यंत जातील. म्हणून आधी जोडून मग तोडणारा, शॉर्टिंग प्रकारचा स्विच. त्यात मधल्या क्षणी दोन रेझिस्टर समांतर येतात, आणि आउटपुट दोन्हींपेक्षा खाली जातो. खाली गेलेलं चालतं.

तरीही स्विचचा संपर्क कधीतरी झिजणारच. म्हणून ९४० ओहम (८२० + १२०) कायमचा जोडून ठेवला, स्विचमधून फक्त समांतर रेझिस्टर येतात: ९ व्होल्टला २.४ किलोओहम, ५ ला ५१०, ३.३ ला २२०. १२ च्या जागी काहीच नाही. हिशेबाने ८.९६, ५.०२, ३.२८ आणि ११.९८ व्होल्ट. ८ तारखेची सुबक जुळणी गेली. पण संपर्क पूर्ण तुटला तरी १२ च्या वर काही जाणार नाही. ३.३ च्या बोर्डाला १२ हेही वाईटच, पण १२ चा रिले किंवा १२ ची मोटर तरी वाचेल.

आर१ ची तार एलएम३१७ च्या आउटपुट पिनला अगदी चिकटून, आणि आर२ चं खालचं टोक बाहेरच्या काळ्या टर्मिनलला. आर१ लांबच्या टर्मिनलला जोडला तर तारेत पडणारा व्होल्टेज (१ + आर२ ÷ आर१) पटीने वाढून दिसतो. १२ ला साडेनऊ पट.

२५ जून

ट्रिप. एलएम३१७ ची स्वतःची मर्यादा २.२ अँपिअर, ती त्याला वाचवते, बोर्डाला नाही. करंट एका पातळीवर धरून ठेवणारं सर्किट करता आलं असतं, पण अ‍ॅडजस्ट पिन खाली ओढून आउटपुट १.२५ च्या खाली येत नाही, आणि दुसरा एलएम३१७ पुढे लावला तर आणखी ३ व्होल्टची जागा जाते. मला एमसीबीसारखं सरळ वागणं हवंय: मर्यादा ओलांडली, बंद. बटण दाबेपर्यंत बंदच.

एलएम३१७ च्या आधी ०.१ ओहम. तो नियमनाच्या आत येत नाही, म्हणून आउटपुट ढळत नाही. त्यावर आयएनए१८०ए१ हा करंट मोजायचा अ‍ॅम्प्लिफायर, गेन २०: १ अँपिअरला २ व्होल्ट. तो १० किलोओहम आणि ४७० नॅनोफॅरडमधून एलएम३९३ या कम्पॅरेटरच्या (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप) धन इनपुटला. ऋण इनपुटला मर्यादा. आउटपुटवर २.२ किलोओहमचा पुल-अप, आणि तिथून एक डायोड परत धन इनपुटला. एकदा वर गेला की स्वतःला धरून ठेवतो. बटण ते इनपुट ग्राउंड करतं.

एलएम२५९६ ची पाच नंबरची पिन वर गेली की बक बंद, म्हणून ट्रिपचा आउटपुट डायोडमधून थेट तिथे. एलएम३९३ मध्ये दोन कम्पॅरेटर असतात. दुसरा इनपुट १८ व्होल्टच्या खाली आहे का पाहतो, आणि असेल तर दुसऱ्या डायोडमधून तीच पिन वर ठेवतो. चुकीचा चार्जर जोडला तर काहीच होत नाही. ४ तारखेचा नियमही त्यातच पाळला जातो.

१२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब लावला: ट्रिप. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स गरम असतानाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे सुरुवातीला तो शॉर्टच. मोटरही तेच करेल. ४.७ मायक्रोफॅरड जोडणारं एक छोटं स्विच मागे दिलं, 'सावकाश' म्हणून. एरवी ते बंद.

आउटपुटला फक्त १० मायक्रोफॅरड. तिथे ४७० लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पण १२ व्होल्टला ४७० मध्ये ३४ मिलिज्यूल साठतात, आणि ते कुठलंही ट्रिप सर्किट अडवू शकत नाही, कारण ते त्याच्या पलीकडे असतात.

२९ जून

आवाज. बकनंतर १० मायक्रोहेन्री आणि १०० मायक्रोफॅरड, कोपरा (जिथून पुढे घट सुरू होते) ५ किलोहर्ट्झला. ५२ वर शंभर पट घट मिळावी, पण १०० मायक्रोफॅरडच्या ०.१ ओहम ईएसआरमुळे तीसेक पटच मिळते. पुढे एलएम३१७ आहे, अ‍ॅडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरडसह, म्हणून चालेल. पाठलागाचा फीडबॅक कॉइलच्या आधीच घेतला आहे. नंतर घेतला असता तर लूप पुन्हा शीळ घालायला लागला असता.

आउटपुटवर ५२ किलोहर्ट्झ जवळपास दिसेनासा. राहिल्या त्या स्विचिंगच्या क्षणीच्या टोकदार सुया. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावली तर त्यातल्या अर्ध्याहून जास्त गायब: त्या सप्लायच्या नव्हत्याच, वायरच अँटेना झाली होती. उरलेल्यांसाठी टर्मिनलवर १०० नॅनोफॅरड सिरॅमिक आणि एक फेराइट बीड.

संरक्षणाचे दोन डायोड राहिले होते: आउटपुटकडून इनपुटकडे एक, अ‍ॅडजस्टकडून आउटपुटकडे एक. लावले.

५ जुलै

डबी. एलएम३१७ चा पत्रा ग्राउंड नसतो, आउटपुट असतो. हीटसिंक डबीबाहेर असल्याने सिलिकॉन पॅड आणि प्लास्टिकची बुशिंग लागणारच. १० अंश प्रति वॅटचा हीटसिंक: ३५ अंशांच्या खोलीत ३.१ वॅटला आतलं जंक्शन साधारण ८५ वर. मर्यादा १२५. बकचे दोनेक वॅट डबीतच राहतात, म्हणून तळाला आणि झाकणाला भोकं, एकाच बाजूला नाही.

डिस्प्ले लावला नाही. एक हिरवा एलईडी, एक ट्रिपचा लाल.

९ जुलै

सगळ्या व्होल्टेजना १ अँपिअरवर तासभर चालवला. ठीक.

चार्जर दोन पिनांचा असेल तर आउटपुट जमिनीपासून तरंगता असतो, आणि आतल्या वाय कपॅसिटरमुळे (मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामधला) मल्टिमीटर तिथे मेन्सच्या जवळपास निम्मा व्होल्टेज दाखवतो. करंट नगण्य, पण हाताला झिणझिण्या येतात, आणि संवेदनशील इनपुट आधी जोडलं तर त्याला धक्का बसतो. म्हणून बोर्ड जोडताना काळी तार आधी.

±१२ साठी असाच दुसरा नग करणार आहे. त्याला चार्जरही वेगळाच लागेल. एकाच चार्जरच्या दोन पोर्टांचं ऋण टोक आतून एकच असतं, मालिकेत जोडलं की एक सप्लाय शॉर्ट. दुसऱ्या नगात ट्रिपला दोन पायऱ्या देतोय, १ अँपिअर आणि २०० मिलिअँपिअर. कम्पॅरेटरची मर्यादा २ व्होल्टवरून ०.४ वर आणायची, बाकी सर्किट जसंच्या तसं.